सगळं सांगा, पहिल्यापासून

झुलेखाबेनच्या गळ्यात शिट्टी असायची. पीटीच्या बाई होत्या, तेव्हा शाळेत असायची ते ठीक. पण लग्नाच्या पंगतीत, बँकेत, एकदा तर मुख्याध्यापिकांच्या सासूबाई वारल्या तेव्हा आम्ही सगळ्या भेटायला गेलो, तिथेही ती पदराखाली काळ्या दोरीत लोंबत होती. मी कानात म्हटलं, "झुलेखाबेन, आज तरी काढायची." तर म्हणाल्या, "काढली की मान हलकी लागते ग. आणि कुठे कधी वाजवायला लागेल, भरोसा नाही."

आम्ही दोघी पंधरा-सोळा वर्षं एका शाळेत होतो. बडोद्यातल्या सयाजीगंजच्या बाजूची मुलींची शाळा, गुजराती माध्यमाची. मी विज्ञान शिकवायची. आठवीला हृदय आणि रक्ताभिसरण दरवर्षी माझ्याकडेच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहायचंय त्यात 'मला काय कळत होतं' असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही. मी फार बोलणारी बाई नाही. न बोलणं हा आमच्या घराण्यात गुण मानतात. आता पंचावन्नावं लागलं; या गुणानं मी काय काय झाकलं ते एकदा तरी लिहावं म्हणते.

झुलेखाबेन सिद्दी. त्यांचे पूर्वज कधी काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुजरातेत आले, कोणी संस्थानिकांच्या पदरी, कोणी विकले जाऊन. त्याला किती पिढ्या झाल्या ते त्यांच्या घरातही कोणाला ठाऊक नव्हतं. वडील रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर. प्रतापनगरच्या वसाहतीत डाव्या हाताला जळगावकडचे चौधरी, उजव्या हाताला भुसावळचे पाटील, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्या मुलांच्या मराठीपेक्षा पुष्कळ चोख होतं. उंची भरपूर, खांदे रुंद, केस आखूड आणि दाट कुरळे. मैदानाच्या एका टोकाला उभ्या राहिल्या तरी दुसऱ्या टोकाच्या मुलीला त्या आपल्याच शेजारी आहेत असं वाटायचं.

आफ्रिकेतले विद्यार्थी बडोद्यात शिकायला येऊ लागले तेव्हा स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं. एकदा आम्ही दोघी सुरतेहून स्पर्धा आटपून उतरलो. एक पोरगेला रिक्षावाला धावत आला आणि झुलेखाबेनना इंग्रजीत हॉस्टेल, मॅडम, टू हंड्रेड असं काहीतरी म्हणू लागला. झुलेखाबेननी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "दीकरा, तारो बाप घोडियामां हतो त्यारनी हुं बरोडामां छुं. मीटर पाड." तुझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून मी बडोद्यात आहे, असं सुनावल्यावर तो इतका ओशाळला की पैसेच घेईना. झुलेखाबेननी ते त्याच्या खिशात कोंबले. वर त्याचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि त्याची मावशी आमच्याच शाळेत शिकून गेली असल्याचं शोधून काढलं. त्यांना राग यायचा नाही असं नाही. पण रागापेक्षा जिंकण्यात त्यांना जास्त गोडी होती.

आमच्या स्टाफरूममध्ये इतिहासाचे देशपांडे सर होते. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला खाज. ते रोज मस्टरवर सही करताना विचारायचे, "काय झुलेखाबेन, जंजिरा काय म्हणतो?" सिद्दी म्हटला की आपल्या लोकांना दुसरं काही आठवत नाही. झुलेखाबेन डब्याचं झाकण उघडता उघडता उत्तर द्यायच्या, "आहे तिथेच आहे, सर. घेतला का तुमच्यापैकी कोणी अजून?" सगळी खोली हसायची. सरही हसायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. बहुधा तेच उत्तर ऐकायला.

शनिवारी शाळा अर्धी. तेव्हा आम्ही सेव-उसळ खायला जायचो. झुलेखाबेन वर तिखटजाळ, तेलकट तरी घालून घ्यायच्या, परत घालून घ्यायच्या, तळलेली मिरची मिठात बुडवून खायच्या आणि म्हणायच्या, "बसून राहिलं की माणूस गंजतं आणि बेचव खाल्लं की माणूस रुसतं." या दोन वाक्यांवर त्यांचा सगळा संसार चालला होता. लग्न केलं नव्हतं. घरी आई होती. ती स्वयंपाक करता करता ओट्यापाशी पडली, उजवं अंग गेलं, वाचा गेली. मग कितीतरी वर्षं झुलेखाबेन सकाळी तिला आंघोळ घालून, भरवून, कुशीवर वळवून शाळेत यायच्या. आई गेल्यावर त्या रडलेल्या मला दिसल्या नाहीत. फक्त एकदा मैदानाच्या कठड्यावर बसून म्हणाल्या, "सुनंदा, मरायचं भ्या नाही मला. पडायचं आहे. मला कोणी कुशीवर वळवायला नाहीये."

शाळेत एकदा शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली. माझं प्रेशर वाढलेलं निघालं. दुसऱ्या बाळंतपणापासून ते अधूनमधून वर जायचंच. झुलेखाबेनचं माझ्यापेक्षा जास्त निघालं. निजामपुऱ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा दवाखाना होता. मी म्हटलं, "चला, आमच्या भावोजींकडे जाऊ. घरचे डॉक्टर आहेत."

आधी मी आत गेले. भावोजींनी पट्टा बांधला, आकडा बघून 'च्च' केलं. तेवढ्यात ताईनं मागच्या दारानं चहा पाठवला. मग भावोजी खुर्चीत मागे रेलून बोलू लागले. गोळी तर आहेच, पण मीठ अर्ध्यावर आण. लोणचं, पापड, फरसाण बंद. पोळीच्या कणकेत मीठ घालायचं नाही. रोज सकाळी भराभर चाल, गप्पा मारत नाही, दम लागेल अशी. झोप पुरी घे. पुन्हा तपासण्या किती दिवसांनी करायच्या, डोकं दुखलं तर काय, हातपाय बधिर झाले तर तडक कुठे जायचं. एवढं बोलून वर म्हणाले, "आणि आमच्या साडूला सांग, रात्रीची खिचडी त्यानं टाकायची." आम्ही हसलो. चहा संपला.

मी घरची म्हणून बाजूच्या स्टुलावर बसून राहिले आणि झुलेखाबेन आत आल्या. भावोजींनी पट्टा बांधला. आकडा माझ्याहून वरचा. भावोजींनी चिठ्ठी लिहिली. "ये गोली रोज लेना, बहनजी. महीने बाद आना." झुलेखाबेन मराठीत म्हणाल्या, "आणखी काही करायचं, डॉक्टर?" भावोजी हिंदीतच म्हणाले, "नहीं नहीं. आप तो पीटी टीचर हैं, बॉडी मजबूत है." आणि घंटी वाजवून पुढच्या बाईला बोलावलं.

मी स्टुलावर होते. सगळं ऐकलं. काही म्हटलं नाही.

बसमध्ये झुलेखाबेननी विचारलं, "तुला एवढा वेळ काय सांगत होते ग?"

मी म्हटलं, "काही नाही हो. घरचंच. ताईच्या धाकट्याची मुंज आहे ना, त्याचं."

आता कोणी विचारेल, खोटं का बोललीस? भावोजींची लाज वाटली म्हणून. पण तेवढंच नाही. खरं सांगितलं असतं तर 'तुला सांगितलं, मला का नाही' हा प्रश्न आला असता. आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. झुलेखाबेनलाही माहीत होतं. ते बसमध्ये आमच्या दोघींच्या मधे येऊन बसू नये, एवढ्यासाठी मी मुंजीची तारीखसुद्धा सांगून टाकली.

त्यानंतरचे कितीतरी शनिवार मी त्यांच्यासमोर कोरडा पाव चावत बसले. "का ग, तरी नको?" "हल्ली आवडत नाही." त्या माझ्या वाटचीही खायच्या. मी सकाळी चालू लागले, माझं प्रेशर उतरलं. त्यांचं उतरेना. भावोजींनी गोळी वाढवली, मग आणखी एक जोडली. मी आडून विचारलं तर म्हणाले, "अग, ते त्यांच्या रक्तातच असतं. आपण गोळ्या देत राहायच्या." बॉडी मजबूत म्हणून सांगायचं नाही, आणि रक्त खराब म्हणून सांगायचं नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी 'हो' म्हटलं आणि ताईनं दिलेल्या सांडग्यांची पिशवी नको म्हणून परत केली.

एका सकाळी खो-खोचा सराव चालला होता. झुलेखाबेन चालता चालता खांबाला धरून थांबल्या. मी धावत गेले. म्हणाल्या, "हात गेला होता ग. आता आला." मुलींना काही कळू नये म्हणून तशाच उभ्या राहून त्यांनी शिट्टी फुंकली, पण ती नीट वाजली नाही. मग मला म्हणाल्या, "आईसारखं होणार का माझं?"

मी म्हटलं, "छे हो! चला, आत्ताच्या आत्ता भावोजींकडे."

तेव्हाही एवढंच म्हटलं.

दवाखान्यात बायकांची ही गर्दी. आमच्याकडे बायका डॉक्टरच्या बाकावर बसल्या की एक खेळ चालतो. डॉक्टरनं कोणाचं काय बंद केलं, ते सांगायचं. साड्यांचे भाव सांगावेत तसं, थोडी तक्रार आणि पुष्कळ अभिमान. त्या दिवशी एक पटेल मावशी सुरू झाल्या, "मारुं तो अथाणुं ज बंध कराव्युं, बोलो! घरमां बार बरणी पडी छे." लोणच्याच्या बरण्या घरात भरलेल्या आणि डॉक्टरनं लोणचंच सोडवलं. दुसरी म्हणाली, "माझा पापड." तिसरी म्हणाली, "मला तर भल्या पहाटे चालायला लावलंय, कुत्री मागे लागतात." सगळ्या हसल्या. पटेल मावशींनी झुलेखाबेनना कौतुकानं विचारलं, "बेन, तमारुं शुं बंध कराव्युं?"

झुलेखाबेननी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, मी बघत होते. मग म्हणाल्या, "कंई नहीं."

"प्रेशर नथी?"

"आहे. तुमच्यापेक्षा जास्त आहे."

झुलेखाबेन माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, तुला मिठाचं सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

"चालायचं?"

"हो."

"हात बधिर झाला तर काय करायचं, ते?"

मी नुसती मान हलवली.

नंबर त्यांचा नव्हता, पण झुलेखाबेन उठल्या. पटेल मावशींनी पाय बाजूला घेऊन वाट दिली. मी मागोमाग गेले. का गेले माहीत नाही, कदाचित भावोजींना वाचवायला. झुलेखाबेन पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"डॉक्टरसाहेब, सुनंदाला जे सांगितलं ते सगळं मला सांगा. पहिल्यापासून."

भावोजी हसले. "देखिये बहनजी, वो सब आपको—"

"मराठीत बोला. तुमच्या हिंदीपेक्षा माझं मराठी बरं आहे."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"बरं, मराठीत," ते म्हणाले. "झुलेखाबेन, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वस्तीतल्या बायका मी बघतो ना. गोळीसुद्धा धड घेत नाहीत. त्यांना मीठ कमी करा, चाला, हे सांगून काय उपयोग? पाळणार आहेत का?"

"मी गोळी चुकवली? एक दिवस?"

"नाही. तुम्ही नाही."

"मग त्यांच्या चुकीचे मार्क माझ्या पेपरात कशाला? आणि त्यांना तरी कधी सांगून बघितलंत? आम्ही शाळेत आधी शिकवतो डॉक्टर, मग नापास करतो. तुम्ही तोंड बघूनच नापास करता."

दार उघडं होतं. बाहेरचा सगळा बाक पुढे वाकून ऐकत होता.

"सांगायचं काम तुमचं," झुलेखाबेन म्हणाल्या. "पाळायचं माझं. नाही पाळलं तर मग तोंडावर बोला. माझी आई पडली तेव्हा तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याही हातात नुसती गोळ्यांची पुडी होती. मला पडायचं नाही."

भावोजींनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग सुरुवात केली, "मीठ अर्ध्यावर आणा—"

"असं नाही. पहिल्यापासून. तिला आधी चहा आला होता."

बाहेर पटेल मावशी फुटल्या. हसू इतकं पसरलं की भावोजींनाही आवरेना. ताई चहा घेऊन आली. आणि भावोजी बोलले. माझ्याशी बोलले होते त्याच्या दुप्पट बोलले. हाताचं ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावून त्याच दिवशीची वेळ घेतली. उठताना म्हणाले, "झुलेखाबेन, चुकलं माझं." माझ्या माहितीत त्यांनी हे वाक्य ताईला पण कधी ऐकवलेलं नाही.

मला मात्र ते वाक्य म्हणता आलं नव्हतं. दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर मी मैदानावर गेले. म्हटलं, "झुलेखाबेन, मुंजीचं मी खोटं सांगितलं होतं."

"कळलं ते."

"मला..."

त्यांनी मला नीट बघितलं, सातवीतल्या पोरीला बघावं तसं. आमच्या शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीला त्यांची शिक्षा ठरलेली असायची. म्हणाल्या, "मैदानाला फेऱ्या. पदर खोच."

मी पदर खोचला. पस्तिशीची, दोन मुलांची आई, विज्ञानाची शिक्षिका, मी त्या मैदानाला धावत फेऱ्या घालू लागले. शाळेच्या होस्टेलच्या मुली गॅलरीत गोळा झाल्या. पहिल्या फेरीलाच मला धाप लागली. दुसऱ्या फेरीला बघते तो झुलेखाबेन शेजारी. त्याही धापा टाकत होत्या. "बघितलंस ना," त्या म्हणाल्या, "शिट्टी फुंकते मी, पळतात पोरी. बॉडी मजबूत म्हणे! मी किती वर्षांत धावलेच नाहीये."

त्या दिवसापासून त्या पळू लागल्या. आधी चालत, मग भराभर, मग मुलींबरोबर. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, त्या वेळच्या वेळी घेतल्या. मीठ सोडणं ही त्यांनी मॅच मानली. सेव-उसळवाल्याला जाऊन सांगितलं, "आजपासून तरी नाही, सेव नाही, वरून मीठ नाही." तो म्हणाला, "तो पछी आवो छो शुं काम?" मग येता कशाला? त्या म्हणाल्या, "तुझं तोंड बघायला. ते बिनमिठाचं चालतं." त्यानं त्यांच्यासाठी उसळ वेगळ्या पातेल्यात करायला सुरुवात केली, आणि हळूहळू त्या पातेल्याची गिऱ्हाइकं वाढली.

पाऊस सरून थंडी पडली तोवर आकडा खाली आला. भावोजींनी बघितला, पुन्हा बघितला, दुसऱ्या हाताला पट्टा बांधून बघितला. झुलेखाबेन म्हणाल्या, "दार उघडा आणि मोठ्यानं सांगा." भावोजींनी दार उघडून मोठ्यानं सांगितलं. बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि झुलेखाबेननी, कोणाला काही कळायच्या आत, दवाखान्यात शिट्टी फुंकली. शेजारचा पीठगिरणीवाला बाहेर धावत आला.

तिथे त्या थांबल्या असत्या तर त्या झुलेखाबेन कसल्या. त्यांनी वस्तीतल्या बायका आणायला सुरुवात केली. कधी मामी, कधी चुलत बहीण, कधी शेजारीण. प्रत्येकीबरोबर स्वतः आत जायच्या आणि उभ्या राहायच्या. भावोजी चिठ्ठीकडे हात नेऊ लागले की नुसत्या खाकरायच्या. भावोजी ताईजवळ कुरकुरायचे, "ही बाई माझी परीक्षा घेते." पण सांगायचे. आणि त्या बायकांपैकी पुष्कळजणी पाळायच्याही. हे बघून सगळ्यात जास्त आश्चर्य भावोजींना वाटलं. मलाही वाटलं, हे कबूल करते. म्हणजे मीही आत कुठेतरी भावोजींच्याच बाजूला होते.

झुलेखाबेन शाळेतून निवृत्त झाल्या आणि राजपिपळ्याकडे भाचीजवळ राहायला गेल्या. अजून ठणठणीत आहेत, तिथल्या पोरींना खो-खो शिकवतात, असं कळतं. मी भेटायला गेले नाही. जाईन म्हणते.

त्या जाण्याआधीची शेवटची भेट दवाखान्यातलीच. भावोजींनी तोवर दवाखाना मुलाकडे, माझ्या भाच्याकडे सोपवला होता. मोठ्या शहरात शिकून आलेला, हुशार, घाईचा. मी माझी गोळी लिहून घ्यायला गेले होते. आत झुलेखाबेन आणि त्यांची धाकटी भाची. मुलीला दिवस गेले होते आणि प्रेशर चढलेलं. भाच्यानं आकडा बघितला, भराभर चिठ्ठी लिहिली, पुढे सरकवली आणि घंटीवर बोट ठेवलं.

झुलेखाबेन उठल्या नाहीत.

"और कुछ, आंटी?" भाच्यानं विचारलं.

त्या हाताची घडी घालून बसल्या. भाचा गोंधळला. त्यानं माझ्याकडे बघितलं. या वेळी मी कॅलेंडरकडे बघितलं नाही. म्हटलं, "श्रीरंग, हिला सगळं सांग. मला सांगशील तसं. आणि मराठीत सांग, त्यांना येतं."

तेवढ्यात मागच्या दाराचा पडदा हलला. भावोजी घरातल्या लेंग्यावर, चपला ओढत बाहेर आले. झुलेखाबेनना बघून थबकले आणि मुलाला म्हणाले, "अरे, बोल बोल. ही बाई ऐकल्याशिवाय उठत नाही. मी वर्षानुवर्षं बघितलंय."

श्रीरंगनं घंटीवरचं बोट काढलं, खुर्ची पुढे ओढली आणि बोलू लागला. भाची खिडकीबाहेर बघत होती. झुलेखाबेननी तिला कोपरानं ढोसलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "हे तुझं आहे."